मीठ आत, मीठ बाहेर

एक लिटर पाण्यात ९ ग्रॅम मीठ. माणसाच्या रक्ताला मानवणारं प्रमाण एवढंच. दवाखान्यात खाटेशेजारी लटकणाऱ्या सलाइनच्या बाटलीत याहून गूढ असं काही नसतं. पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करणाऱ्याच्या हाताला हे प्रमाण इतकं सवयीचं होतं की त्याबद्दल विचार करायचं राहूनच जातं. रक्ताचा थेंब साध्या पाण्यात सोडला, तर तांबड्या पेशी पाणी पिऊन पिऊन फुगतात आणि फुटतात. तोच थेंब समुद्राच्या पाण्यात सोडला, तर पेशींतलं पाणी बाहेर ओढलं जातं, त्या आक्रसतात, त्यांच्या कडा काटेरी दिसायला लागतात. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. ९ आणि ३५ यांच्या मधेच कुठेतरी आपला कारभार आटोपतो.

ठाणे पूर्वेला, कोपरीच्या बाजूला राहणाऱ्याला मात्र ३५ हा आकडा शेवटचा वाटत नाही. आमच्याकडे मीठबंदर रोड आहे. तो उतरून गेलं की चेंदणी कोळीवाडा, विसर्जनाचा घाट आणि पुढे खाडीचं काळपट पाणी. मिठाच्या व्यापाराची आठवण आता रस्त्याच्या पाटीपुरती उरली आहे. मिठागरं बघायची तर मुलुंड, भांडुप, कांजूरमार्गच्या दिशेने जावं लागतं. पूर्व द्रुतगती मार्गावरून डाव्या हाताला बांध घातलेले लांबच लांब चौकोन दिसतात. त्यातले पुष्कळसे नुसती पाणथळ जागा म्हणून पडून आहेत. तिथे घरं बांधायची की नाही यावर वर्षानुवर्षं भांडणं चालू आहेत. त्या भांडणात सगळ्यांचं म्हणणं ऐकून घेतलं जातं. पाण्यात कोण राहतं याची चौकशी मात्र पक्ष्यांपाशी येऊन थांबते.

मिठागराचं काम सांगायला सोपं आणि करायला कंबरतोड. उधाणाच्या भरतीचं पाणी उघाडीतून, म्हणजे बांधातल्या दारातून, आत घ्यायचं, मोठ्या कप्प्यात साठवायचं, गाळ बसू द्यायचा. मग ऊन आणि वारा आपलं काम करतात. पाणी जसं आटेल तसं पुढच्या, अधिक उथळ कप्प्यात सोडायचं. आधी जिप्सम तळाशी बसतं. शेवटच्या वाफ्यात, ज्याचा चिखलाचा तळ माणसांनी पायांनी तुडवून तुडवून फरशीसारखा घट्ट केलेला असतो, तिथे मीठ धरतं. या शेवटच्या पाण्यात लिटरमागे मिठाचं प्रमाण साडेतीनशे ग्रॅमच्या घरात गेलेलं असतं. माणसाच्या रक्ताच्या जवळजवळ चाळीसपट. याहून जास्त मीठ पाण्यात मावतच नाही, म्हणून तर ते खड्यांच्या रूपाने बाहेर पडतं.

आमच्या इमारतीत एक आजोबा राहतात. आगरी. तरुणपणी पलीकडच्या आगरांत राबलेले. दिवाळीनंतर मीठ आणि पावसाळ्यात भात, असं वर्ष विभागलेलं आयुष्य. आता मुलाच्या फ्लॅटमध्ये बाल्कनीत बसून खाडीवरचा वारा खातात. त्यांनी एकदा सहज सांगितलं, "पानी लाल झाला का समजायचा, आता मीठ धरनार."

"लाल कशाने होतं, आजोबा?"

"उनानं. मिठाला ताप चरतो."

हे उत्तर मला फार आवडलं, कारण ते अर्ध्याहून जास्त खरं आहे. जगभरातल्या मिठागरांत हेच दिसतं: शेवटच्या वाफ्यांतलं पाणी आधी हिरवट, मग केशरी, मग चक्क विटकरी लाल होतं. तो रंग जिवंत असतो. त्यातल्या अब्जावधी सूक्ष्मजीवांचा असतो. आणि तापाचं म्हणाल, तर लाल पाणी साध्या पाण्यापेक्षा जास्त ऊन शोषतं, जास्त गरम होतं आणि लवकर आटतं. म्हणजे हे जीव आपल्या घरातलं मीठ आणखी दाट करायला स्वतःच हातभार लावतात, आणि मिठागरवाल्याला फुकटात मदत होते.

आता प्रश्न असा, की जिथे आपल्या पेशी क्षणभर टिकत नाहीत तिथे हे जीव जगतात कसे? त्यांची कातडी जाड असेल, ती मीठ आत येऊ देत नसेल, असं आपल्याला वाटतं. पण अडचण मिठाची नाहीच, अडचण तहानेची आहे. पाण्यात विरघळलेल्या मिठाचा प्रत्येक कण आपल्याभोवती पाण्याचे रेणू धरून ठेवतो. जितकं मीठ जास्त, तितकं मोकळं पाणी कमी. शास्त्रज्ञ हे मोकळेपण मोजतात: शुद्ध पाण्याला १ धरलं, तर मिठाने पूर्ण भरलेल्या पाण्याचा आकडा येतो ०.७५. अन्न नासवणाऱ्या बहुतेक जिवाणूंचं काम ०.९च्या आसपासच थांबतं. लोणचं टिकतं, खारवलेली कैरी टिकते, ती याच हिशेबावर. मीठ जिवाणूला विषासारखं मारत नाही. ते त्याच्या तोंडचं पाणी पळवतं, शब्दशः.

तेव्हा मिठागरात राहायचं तर एकच गोष्ट जमली पाहिजे: पेशीतलं पाणी बाहेर जाता कामा नये. त्यासाठी आतला दाटपणा बाहेरच्या दाटपणाइतका हवा. आत काहीतरी भरावं लागणार. काय भरायचं, याची दोन उत्तरं जीवसृष्टीने काढली आहेत, आणि मला या सगळ्या विषयात खरा रस आहे तो या दोन उत्तरांच्या स्वभावात.

पहिल्या उत्तराचा नमुना मी स्वतः पाहिला आहे. एका उन्हाळ्यात भांडुपच्या बाजूला आगराच्या कडेला आटत आलेलं पाणी छोट्या बाटलीत भरून आणलं आणि कामाची वेळ संपल्यावर स्लाइडवर त्याचा थेंब ठेवला. सूक्ष्मदर्शकात अंडाकृती, हिरव्या-नारिंगी पेशी दिसल्या. प्रत्येकीला पुढच्या टोकाला दोन नाजूक शेपट्या, आणि त्या जोरावर सगळ्या भराभरा पळत होत्या. मी तरी त्यांना ड्युनालिएला ठरवून टाकलं. फ्रान्समध्ये माँपेलिएजवळच्या मिठागरांत मिशेल फेलिक्स ड्युनाल यांनी हे शेवाळ १८३८मध्ये पाहिलं आणि पाण्याचा तांबडा रंग अशा जीवांमुळे येतो असं सांगितलं. पुढे १९०५मध्ये त्यांचंच नाव त्याला मिळालं.

ड्युनालिएलाला वनस्पतींच्या पेशींसारखी कडक भिंत नसते. एक पातळ आवरण, बस. त्यामुळे ती फुगू शकते, आकसू शकते. बाहेरचं पाणी दाट झालं की ती मीठ आत घेत नाही, उलट आत आलेलं सोडियम बाहेर ढकलत राहते आणि त्याऐवजी स्वतः ग्लिसरॉल बनवते. तेच ते केमिस्टकडे मिळणारं ग्लिसरीन, जे थंडीत फुटलेल्या ओठांना आपण लावतो. उन्हात तयार केलेली साखर, साठवलेला स्टार्च, सगळं मोडून ग्लिसरॉल. काही तासांत आतबाहेरचा हिशेब जुळतो. पाणी पातळ झालं की ग्लिसरॉलचा परत स्टार्च. गंमत म्हणजे ग्लिसरॉल बहुतेक पेशींच्या पडद्यातून सहज झिरपून जातं. ड्युनालिएलाचा पडदा मात्र त्याला धरून ठेवतो. ही एक सोय नसती तर बाकी सगळा उद्योग वाया गेला असता.

नारिंगी रंग कशाचा, तर बीटा कॅरोटीनचा. गाजरातलं तेच. उघड्या वाफ्यात मे महिन्याचं ऊन डोक्यावर, सावली कुठेच नाही. अशा वेळी ड्युनालिएला आपल्या हरितद्रव्याच्या आसपास कॅरोटीनचे थेंब साठवते आणि जास्तीचा प्रकाश अडवते. वाळवलेल्या ड्युनालिएलाच्या वजनात दहा टक्क्यांहून जास्त कॅरोटीन असू शकतं. ऑस्ट्रेलियात त्यासाठीच तिची शेती करतात.

ग्लिसरॉल हा एकच माल नाही. पहिल्या पद्धतीने जगणारे जिवाणू वेगवेगळी छोटी सेंद्रिय द्रव्यं भरून घेतात: कुणी साखरेच्या जातीचं काही, कुणी ग्लायसिन बीटाइन, कुणी एक्टोइन. या सगळ्यांचा गुण एकच. पेशीत कितीही साठवली तरी आतल्या प्रथिनांच्या कामात ती लुडबुड करत नाहीत. एक्टोइनचा शोध १९८५चा, इजिप्तमधल्या वादी नत्रून या सोडायुक्त खाऱ्या तळ्यांतल्या जिवाणूत लागलेला. ते त्वचेतलं पाणी धरून ठेवतं हे कळल्यावर सौंदर्यप्रसाधनवाले तुटून पडले नसते तरच नवल. आज ते महागड्या क्रीममध्ये असतं, नाकात मारायच्या स्प्रेमध्ये असतं. ते काढायची रीत तर ऐकण्यासारखी आहे. हॅलोमोनास नावाचा जिवाणू आधी दाट मिठाच्या पाण्यात वाढवायचा, म्हणजे तो एक्टोइनने गच्च भरतो. मग त्याला एकदम कमी मिठाच्या पाण्यात टाकायचं. आतलं-बाहेरचं गणित उलटतं, फुटायची वेळ येते, तेव्हा तो घाईघाईने सगळं एक्टोइन बाहेर फेकतो. ते गोळा करायचं आणि जिवाणू परत दाट पाण्यात. या प्रकाराला त्या धंद्यात 'दूध काढणं' म्हणतात. चारशे रुपयांची ट्यूब विकत घेणाऱ्या बाईला हे कुणी सांगत नाही, आणि कदाचित तेच बरं आहे.

दुसरं उत्तर पूर्ण उलट्या वृत्तीचं. मीठ येतंय ना, येऊ दे. आतच भरू.

हे उत्तर ज्यांनी निवडलं त्यांना हॅलोआर्किया म्हणतात. दिसायला जिवाणूंसारखे, पण जिवाणू नव्हेत. १९७७मध्ये कार्ल वूझ आणि जॉर्ज फॉक्स यांनी दाखवून दिलं की आर्किया हा जिवाणूंपासून फार पूर्वीच वेगळा झालेला स्वतंत्र वंश आहे. लाल वाफ्याचा विटकरी रंग मुख्यतः यांचा. हे सोडियम बाहेर काढतात आणि त्याच्या जागी पोटॅशियम क्लोराइड आत घेतात, बाहेरच्या मिठाच्या तोडीस तोड. पेशीच्या आत इतकं मीठ की आपली कुठलीही प्रथिनं तिथे गोळा होऊन खाली बसतील.

त्यांची का बसत नाहीत? कारण त्यांनी प्रथिनंच बदलून टाकली आहेत, जवळजवळ सगळी. प्रथिनं ज्या अमिनो आम्लांची बनतात त्यातली ॲस्पार्टिक आणि ग्लुटामिक ही दोन ऋणभाराची. हॅलोआर्कियाच्या प्रथिनांच्या पृष्ठभागावर या दोघांची खच्चून भरती असते. ते ऋणभार पाण्याला आणि पोटॅशियमला आपल्याशी बांधून ठेवतात, त्यामुळे मिठाच्या गर्दीतही प्रथिनाभोवती पाण्याचा थर टिकतो. पण आता मीठ काढून घ्या. ऋणभारांना शांत ठेवणारं कुणी उरत नाही, ते एकमेकांना ढकलतात आणि प्रथिनाची घडी उसकटते. हॅलोबॅक्टेरियमसारख्या जीवाला (नावात बॅक्टेरियम असलं तरी हा हॅलोआर्कियांतलाच) मीठ लिटरमागे १०० ग्रॅमच्या खूप खाली गेलं की पेशीचं आवरणसुद्धा धरवत नाही. त्याला पातळ पाणी म्हणजे मरण. समुद्राचं पाणीदेखील त्याच्यासाठी पातळच.

जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातले आरोन ओरेन यांनी या दोन पद्धतींचा जमाखर्च १९९९मध्ये मांडला. सेंद्रिय द्रव्य बनवून पेशी भरणं फार महाग पडतं. मीठ आत ओढून घेणं त्यामानाने स्वस्त. म्हणून जिथे मीठ अतिशय दाट आणि मिळकत तुटपुंजी, तिथे पहिल्या पद्धतीचे कित्येक जीव टिकत नाहीत. ड्युनालिएलाला परवडतं, कारण तिच्याकडे ऊन आहे आणि ती स्वतःचं अन्न स्वतः करते. हॅलोआर्कियांना मात्र दुसऱ्यांच्या उरल्यासुरल्यावर जगायचं असतं. खर्च कमी ठेवण्याची किंमत त्यांनी एकदाच, घसघशीत मोजली: परतीचा रस्ता बंद केला.

इथे माणसांचं रूपक अगदी हाताशी आलेलं आहे. शहरात येऊन स्वतःला न बदलता रोजची किंमत मोजणारे, आणि पार बदलून गेलेले, ज्यांना आता गाव सोसत नाही. ठाण्यात राहून हे रूपक सुचणार नाही असा माणूस विरळा. पण मी ते इथेच सोडते. हॅलोआर्किया काही गाव सोडून आले नव्हते, आणि आपल्याला जो कोंडमारा वाटतो तो त्यांच्या घराचा साधा रोजचा प्रकार आहे. दाट मिठाचं कौतुक करायला लागलं की आपण नकळत आपल्या रक्ताचं ९ ग्रॅम हे माप सगळ्या जगाला लावतो.

त्यांच्या घरातल्या इतर सोयीही बघण्यासारख्या आहेत. दाट आणि तापलेल्या मिठाच्या पाण्यात प्राणवायू फारच कमी विरघळतो. श्वास घ्यायला जड. मग हॅलोबॅक्टेरियम आपल्या पडद्यात जांभळ्या रंगाचं एक प्रथिन बसवतो, बॅक्टेरिओऱ्होडॉप्सिन. त्यावर ऊन पडलं की ते पेशीतून प्रोटॉन बाहेर टाकतं आणि त्या ओढीवर पेशीची ऊर्जा तयार होते. हरितद्रव्य नाही, कार्बन डायऑक्साइडपासून साखर करणं नाही, थेट उन्हावर चालणारा पंप. डीटर ओस्टरहेल्ट आणि वॉल्टर स्टोकेनियस यांनी ते १९७१मध्ये ओळखलं. त्यातला प्रकाश टिपणारा भाग म्हणजे रेटिनल, आपल्या डोळ्याच्या मागच्या पडद्यात असतो तोच रेणू. काही जातींकडे पेशीत हवेच्या बारीक पोकळ्याही असतात, त्यामुळे वर तरंगत उजेडाकडे जाता येतं.

आणि मग तो चौकोनी जीव. इंग्लंडचे टोनी वॉल्सबी हे अशा हवेच्या पोकळ्यांचे अभ्यासक. १९८०मध्ये सिनाई द्वीपकल्पातल्या तांबड्या समुद्राजवळच्या एका खाऱ्या डबक्यातलं पाणी तपासताना त्यांना पोस्टाच्या तिकिटासारखे पातळ, सपाट, खरोखरीचे चौकोनी तुकडे दिसले. पेशी चौकोनी नसतात, हे आपण धरून चाललेलो असतो. पेशीच्या आत पाण्याचा दाब असला की ती फुगते, गोल किंवा लांबट होते. पण ज्याच्या आत आणि बाहेर मीठ सारखंच, त्याला दाबच नाही, मग चौकोनी राहायला हरकत कोणती? सपाट अंगाचा फायदाही मोठा. आत भरायला जागा थोडी आणि बाहेरून अन्न व उजेड टिपायला पृष्ठभाग भरपूर. हा जीव प्रयोगशाळेत वाढवायला पुढे चोवीस वर्षं लागली. २००४मध्ये ऑस्ट्रेलिया आणि नेदरलँड्समधल्या दोन गटांना ते स्वतंत्रपणे जमलं. त्याला वॉल्सबींचंच नाव आहे: हॅलोक्वाड्राटम वॉल्सबाय.

दुसरी पद्धत आर्कियांचीच मक्तेदारी असावी असं बरीच वर्षं वाटत होतं. २००२मध्ये स्पेनच्या मिठागरांतला सॅलिनीबॅक्टर रुबर समोर आला. हा खराखुरा जिवाणू, आर्कियांशी जवळचं नातं नाही. पण रंगाने लाल, आत पोटॅशियम, प्रथिनं तशीच आम्लधर्मी. वेगळ्या वंशाचा जीव त्याच पाण्यात राहून त्याच तोडग्यापाशी पोचला. मला हा पुरावा सगळ्यात बोलका वाटतो. त्या पाण्यात स्वस्तात जगायचे मार्ग मोजकेच असावेत.

आपल्याकडे या मंडळींची बातमी झाली ती जून २०२०मध्ये. सगळे घरात अडकलेले, आणि बुलढाण्याच्या लोणार सरोवराचे गुलाबी फोटो फोनवर फिरत होते. कुणाला उल्का आठवली, कुणाला दैवी कोप. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासलं आणि रंग हॅलोआर्कियांचा निघाला. त्या उन्हाळ्यात पाणी कमी झालेलं, क्षार वाढलेले, लोणारचं पाणी मुळात खारं आणि सोड्यासारखं अल्कधर्मी. पाऊस पडल्यावर रंग ओसरला. मी बातमी आजोबांना वाचून दाखवली. "मग तिकडं मीठ काडलं का नाय?" त्यांचा पहिला प्रश्न.

मृत समुद्राची गोष्ट याच्या बरोबर उलटी आहे. त्यातही जीव आहेत हे बेंजामिन वोल्कानी यांनी १९३६मध्ये दाखवलं, तोवर नाव सार्थ मानलं जात होतं. पण तिथलं पाणी सोडियमपेक्षा मॅग्नेशियमने भरलेलं, आणि इतकं मॅग्नेशियम या मिठाच्या लाडक्यांनाही सोसत नाही. त्यामुळे तिथे लाली येते ती पाणी पातळ झाल्यावर. १९८० आणि १९९२च्या हिवाळी पावसानंतर वरचा थर पातळ झाला, ड्युनालिएला फोफावली आणि तिच्यामागे लाल आर्किया. लोणारला पाऊस रंग घालवतो, मृत समुद्रात पाऊस रंग आणतो. नुसतं 'खारट' म्हणून भागत नाही. कुठलं मीठ, हे विचारावं लागतं.

आमच्या खाडीत मात्र हे लाल प्रकरण नाही. खाडी मिठागराइतकी खारी कधीच होत नाही. तिचा त्रास वेगळा: ती एकसारखी राहत नाही. मे महिन्यात ऐरोली पुलाखालचं पाणी समुद्राच्या जवळपास खारं असतं. जुलैत डोंगरांवरून पूर उतरला की तेच पाणी निम्म्याहून पातळ होतं. शिवाय दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी. ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलाच्या पृष्ठभागावर ऊन तापतं, तिथलं पाणी काही तासांत दाट होतं, आणि पुढच्या भरतीला परत पातळ. अशा जागी परतीचा रस्ता बंद करून बसणं कुणाला परवडेल? चिखलावरचे डायटम, म्हणजे एकपेशीय सूक्ष्म शेवाळं, आणि निळेहिरवे जिवाणू पहिल्या पद्धतीनेच जगतात: दाटलं की आत गोडसर द्रव्यं भरा, पातळ झालं की सोडा. महाग आहे, पण ऊन फुकट आहे, आणि शहर आपल्या सांडपाण्यातून नायट्रोजन-फॉस्फरस घालायला कधी विसरत नाही.

याच चिखलावरच्या सायीवर रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, येतात. छोटा रोहित तर मुख्यतः निळेहिरवे जिवाणू आणि डायटमच गाळून खातो. चोच उलटी करून पाणी आत ओढायचं, कडेच्या बारीक जाळीतून बाहेर टाकायचं. त्याचा गुलाबी रंग त्या खाण्यातल्या कॅरोटीनचा, पिल्लं राखाडीच असतात. ठाणे खाडीचा भाग २०१५मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आला. ऐरोलीहून बोटीत बसून फोटो काढायला गर्दी होते. नेरूळच्या तळ्यावर भरतीच्या पाण्याची वाट अडली तेव्हा तळं शेवाळून गेलं आणि पक्षी येईनासे झाले. चर्चा पक्ष्यांची झाली, आणि व्हायलाच हवी होती. पण बिघडला होता तो आधी सूक्ष्मजीवांचा हिशेब. भरती थांबली की पाण्याची ये-जा थांबते, मीठ, प्राणवायू, गाळ सगळ्याचं मान बदलतं, आणि ज्यांच्यासाठी पक्षी येत होते त्यांची जागा दुसऱ्याच कुणीतरी घेतलेली असते.

मिठागरातल्या त्या थेंबाचं मी पुढे काय केलं ते सांगायचं राहिलं. स्लाइडच्या कडेला नळाचं पाणी लावलं. ड्युनालिएला फुगल्या, गोल झाल्या, त्यांची पळापळ मंदावली. काही फुटल्या, काही तशाच गोलमटोल राहून पुन्हा हलायला लागल्या. मागे बारीक ठिपक्यांची जी दाटी होती ती मात्र विरळ होत गेली. ते आर्कियाच होते असं माझ्या साध्या सूक्ष्मदर्शकावरून छातीठोकपणे कुणी म्हणू नये. पण आगराच्या पाण्यात पहिला पाऊस पडतो तेव्हा असंच काहीसं होत असणार.

मग दर पावसाळ्यात मरणारे हे जीव दिवाळीनंतर परत कुठून येतात? एक वाट खुद्द मिठाच्या खड्यातून जाते. खडा धरताना त्याच्या पोटात खाऱ्या पाण्याचे बारीक थेंब अडकतात, आणि त्या थेंबांत हॅलोआर्किया. बाहेर काहीही होवो, खडा विरघळेपर्यंत त्यांचं पाणी त्यांच्यापाशी. किती काळ? २०००मध्ये अमेरिकेतल्या २५ कोटी वर्षांपूर्वीच्या मिठाच्या थरातून जिवंत जिवाणू काढल्याचा दावा झाला. त्यावर अजून वाद आहेत, आणि माझं मन शंका घेणाऱ्यांच्या बाजूचं आहे. मागाहून शिरलेल्या पाण्यासोबत नवा जीव आत जाणं फार अवघड नाही. कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅलीचं उदाहरण मला जास्त पटतं. तिथल्या सुमारे तीस हजार वर्षं जुन्या मिठातून हॅलोआर्किया काढून वाढवता आले. त्या थेंबांत त्यांच्या शेजारी ड्युनालिएलाच्या मेलेल्या पेशीही होत्या, आणि संशोधकांचं म्हणणं असं की तिच्यातून झिरपलेल्या ग्लिसरॉलवर आर्कियांनी तग धरला असावा. उघड्या वाफ्यातही हेच चालतं. पहिल्या पद्धतीची खर्चिक मिळकत झिरपते आणि दुसऱ्या पद्धतीचे काटकसरी त्यावर जगतात.

उन्हात पिकवलेल्या जाड्या, न धुतलेल्या मिठातून ही मंडळी अधूनमधून मासळीपर्यंतही पोचतात. खारवलेल्या मासळीवर कधी कधी गुलाबी-लाल डाग पडतात, ते यांचे. माणसाला ते आजारी पाडतात असं नाही, पण मासळीतली प्रथिनं मोडतात, मग मांस मऊ पडतं आणि वास मारतो. मीठ कमी पडलं म्हणून मासळी नासली, असं आपण म्हणतो. इथे ती मिठाबरोबर आलेल्यांनी नासवलेली असते.

कोळीवाड्यातल्या मावशींच्या पाटीत असा एक खारा बांगडा दिसला तेव्हा मी तो हातात घेऊन उजेडात धरला. डागांच्या कडा छान केशरी होत्या.

"त्यो ठेव खाली," मावशी म्हणाल्या. "लाल परलाय. हा घे, धा रुपये जास्त हायत."